यादीतलं शेवटचं गाव

लोकांना वाटतं, भूगोलाच्या मास्तराकडे कसले आलेत किस्से! इतिहासवाल्याकडे लढाया असतात, शास्त्रवाल्याच्या हातून रोज काहीतरी फुटतं, पी.टी.वाल्याचा तर जन्मच किश्श्यांसाठी. आमच्याकडे काय? एक नकाशा, दोन खडू आणि पृथ्वीचा एक गोल, त्याचाही दक्षिण ध्रुवाचा स्क्रू हरवलेला. पण किस्से सराट्यांसारखे असतात हो. तुम्ही आपल्या वाटेनं सरळ चालत असता, आणि घरी येऊन बघावं तर पायजम्याला पन्नास चिकटलेले! मला जे चिकटले ते सगळे एकाच शाळेतले आणि जवळजवळ एकाच माणसामुळे. ते म्हणजे आमचे हेडमास्तर, ढवळे सर.

मी मूळचा बेलापूरचा. पाटाच्या पाण्यावर वाढलेला माणूस. नोकरी लागली ती मिरजगावच्या पलीकडे, एस.टी. बदलून जायच्या एका गावात. तिथं पाट नाही, पाणी नाही, आहे ते फक्त हायस्कूल. आणि हायस्कुलात उत्साही हेडमास्तर! उत्साही हेडमास्तर म्हणजे काय संकट असतं ते ज्यानं स्टाफरूममध्ये दिवस काढलेत त्यालाच ठाऊक. कल्पना त्यांना सुचणार आणि कंबर आमची मोडणार.

*

एकाहत्तरचा पावसाळा होता. म्हणजे कॅलेंडरात होता. ढवळे सरांनी कुठल्याशा मासिकात वाचलं की परदेशातल्या शाळा आपल्या शाळांशी पत्रव्यवहार करतात. यांनी कुणाला न विचारता पत्र धाडून दिलं. काही महिन्यांनी पार्सल आलं, थेट स्कॉटलंडहून.

आत मुलांनी रंगवलेला नकाशा आणि ग्रेबाई नावाच्या शिक्षिकेचं लांबलचक पत्र. त्यांच्या जिल्ह्याचं नाव किनरॉसशायर. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला डोंगर, पूर्वेला डोंगर, मध्ये एक भलं मोठं तळं, तळ्यात बेट, बेटावर किल्ला. किल्ल्यात म्हणे एका राणीला कोंडलं होतं. एक जिल्ह्याचं गाव, एक बाईंचं गाव मिलनाथोर्ट, बाकी चारदोन वाड्या आणि मेंढरं. मेंढरंच मेंढरं! संपला जिल्हा. आख्ख्या जिल्ह्याची माणसं आमच्या आठवड्याच्या बाजारात मावली असती, वर भेळवाल्याला जागा उरली असती.

आमचा शिपाई म्हातारदेव खरात. घंटा, टपाल आणि चहा ही तिन्ही खाती त्याच्याकडे. नाव म्हातारदेव असलं तरी वय माझ्याएवढंच. तो चहाचा ट्रे हातात घेऊन नकाशाकडं बघत उभा राहिला.

"सर, एवढ्याशाला जिल्हा म्हंत्यात?"

"हो."

"मंग आमची वस्ती काय, तालुका का?"

सगळे हसले. मीही हसलो. पुढं तीन वर्षं तो प्रश्न माझ्या मानगुटीवर बसणार आहे हे तेव्हा कळलं असतं तर चहा न पिताच उठलो असतो.

*

ढवळे सरांनी फर्मान काढलं की आठवीला किनरॉसशायर शिकवायचं. मी म्हटलं, "सर, अभ्यासक्रमात नाही."

"अभ्यासक्रमात तर कॉपी करणंही नाही, शेख. मुलं करतातच ना?"

शेवटी शिकवलं. समोर बसलेल्या पोरांनी त्या साली ढग फक्त फळ्यावर बघितलेला, आणि मी त्यांना सांगतोय की तिथं दिवसाआड पाऊस पडतो. एक पोरगी उठली. "सर, मग ती लोकं पेरत्यात कवा?" दुसरा म्हणाला, "आनि कपडे वाळत कवा घालत्यात?" मला काय माहीत! मी कधी सोलापूरच्या पलीकडं गेलो नव्हतो.

सहामाहीला सरांनी स्वतःच्या हातानं प्रश्न घातला : 'किनरॉसशायरमधील लोकांचे मुख्य व्यवसाय लिहा.' एका पठ्ठ्यानं लिहिलं, 'मेंढपाळी व भिजणे.'

मी त्याला पूर्ण मार्क दिले.

*

मग आमचं उत्तर पाठवायची वेळ आली. तालुक्याचा नकाशा आम्ही काढायचा, गावं दाखवायची आणि सोबत माहितीचं कोष्टक जोडायचं. रविवारी पोरांना गावोगाव पिटाळलं. घरं किती, माणसं किती, जनावरं किती, विहिरी किती. पोरांनी इमानदारीनं मोजलं, आणि तिथंच घात झाला. गावोगाव बातमी फुटली की शेख सर विलायतेला नकाशा पाठवत्यात!

दुसऱ्या दिवसापासून शाळेत सरपंचांची रांग. एकाला देवळाचा कळस हवा. एक जण मोजपट्टी घेऊनच आला. "आमच्या गावाचा ठिपका त्यांच्यापेक्षा बारका का? बाजार आमच्याकडं भरतो!" मी ठिपका वाढवला. संध्याकाळी दुसरे सरपंच हजर. त्यांचाही वाढवला. आठवड्याभरात तालुक्यात ठिपकेच ठिपके, गोवर आल्यासारखा दिसायला लागला. तोबा!

वर आणि नदीचा तंटा. आमच्या नदीत तेव्हा वाळू होती आणि वाळूत गाढवं होती. मी ती तपकिरी रंगवली. ढवळे सरांनी माझ्या हातातून ब्रश घेतला.

"निळी करा."

"सर, पाणी नाहीये तिच्यात."

"शेख, हा भूगोल आहे. तक्रार अर्ज नाही!"

नदी निळी झाली. गाढवं तेवढी मी राहू दिली.

*

या सगळ्या गर्दीत काहीच न मागणारा एकच माणूस होता, म्हातारदेव. एके दिवशी शाळा सुटल्यावर तो दारात येऊन उभा राहिला.

"सर, आमची वस्ती टाकाल का? बारका ठिपका चालंल."

खरातवस्ती. तिसेक घरं, गावापासून तीन मैलांवर. पोरांनी मोजूनही आणली होती. कोष्टकाच्या वहीत अगदी शेवटच्या ओळीत मी ती पेन्सिलनं लिहिलीसुद्धा होती. पण ही वस्ती दोन गावांच्या शिवेवर. या गावचा तलाठी म्हणे, ती त्यांची. त्या गावचा म्हणे, ती यांची. मी सायकल मारत दोघांकडं जाऊन आलो. दोघांनी चहा पाजला आणि दोघांनी वस्ती एकमेकांच्या गळ्यात मारली. सरकारी यादीत ती कुठंच नव्हती. तीस घरांची माणसं शिवेवरच्या दगडासारखी नुसती मध्ये पडलेली.

ढवळे सर म्हणाले, "जे यादीत नाही ते नकाशात नाही. परदेशात जायचंय, चूक नको." नदी निळी करताना ही चूक कुठं गेली होती, देव जाणे! त्यांनी रबर घेतला, पेन्सिलची ओळ पुसली आणि म्हणाले, "इथं तुलनेसाठी त्यांचं गाव लिहा. वर्गात शिकवायला बरं पडेल."

मी लिहिलं. मिलनाथोर्ट. घरं, माणसं पत्रातली. मेंढ्यांबद्दल बाईंनी गमतीनं कळवलं होतं, त्या आम्हालाही मोजता आलेल्या नाहीत. मी लिहिलं, 'मोजता येत नाहीत इतक्या.' विहिरींच्या रकान्यात लिहिलं, 'एकही नाही.' घरोघरी नळ असल्यावर विहीर कशाला खणतील?

म्हातारदेव ट्रे घेऊन दारातच उभा होता. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळ्यांपुढं चहा आला. माझ्यापुढं अर्धा कप.

"अरे म्हातारदेव, बाकीचा?"

"बाकीचा यादीत न्हाई, सर."

मी वर्षभर अर्धा कप चहा प्यालो. सांगणार कुणाला आणि कुठल्या तोंडानं?

*

पुढचं साल बहात्तरचं. त्याबद्दल आमच्या भागातल्या माणसाला काही सांगावं लागत नाही. विहिरींचे तळ दिसायला लागले. शाळेत पोरं कमी आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला जास्त. ढवळे सरांनी ग्रेबाईंना कळवलं की आमच्याकडं भयंकर आपत्ती आलीय.

स्कॉटलंडची पोरं मनानं फार चांगली. त्यांनी मदत पाठवली. ती आली ऐन एप्रिलात. खोकं फोडलं तर आत काय असेल? लोकरीचे हातमोजे! त्यांनी स्वतः विणलेले, जाडजूड, तपकिरी नि हिरवे. त्यांच्याकडं आपत्ती म्हणजे थंडीच असणार.

ढवळे सरांनी समारंभ केला. पाहुणे बोलावले, फोटोग्राफर बोलावला. भर उन्हात पोरं रांगेत उभी, पायात काही नाही आणि हातात लोकरीचे मोजे. घामाच्या धारा! फोटोग्राफर ओरडतोय, "हसा रे, हसा!" माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

पण ते मोजे वाया गेले नाहीत. म्हातारदेवची आई, सत्तरीची म्हातारी, ती खडीच्या कामावर जायची. नातवाच्या वाट्याचे मोजे तिनं हातावर चढवले. दोन दिवसांनी शाळेच्या फाटकाशी दहा-बारा बाया उभ्या, हाताला फोड आलेल्या. "सर, ते विलायती मोजं आजून हायेत का?" आमच्या पोरांनी आपापले मोजे काढून दिले. मी वर्गात जाऊन नुसता बसलो.

*

खरं संकट पाण्याचं होतं. गावाला टँकर सुरू झाला, वस्तीला नाही. खरातवस्तीच्या बाया चार मैलांवरून हंडे आणायच्या. म्हातारदेव शाळेत यायचा तो रात्रभराचा जागा असल्यासारखा, आणि आल्या आल्या घंटेच्या खांबाला टेकून उभा राहायचा. त्याच्या धाकटीला जुलाब लागले होते, कुठल्याशा डबक्याचं पाणी पिऊन. मी त्याला घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेलो. अर्ज माझ्याच हातानं लिहिलेला.

तिथले कारकून रासकर भाऊसाहेब. माणूस वाईट नव्हता, कामानं पिचलेला होता. अर्ज त्यांनी दोनदा वाचला.

"सर, अर्ज बरोबर आहे. तहानही बरोबर आहे. पण गाव कुठंय?"

"गाव तिथंच आहे, भाऊसाहेब. तुमच्या यादीत नाही, एवढंच."

"मग टँकर कुणाच्या नावानं काढू? तहानेच्या?"

त्यांनाच वरून तार आली होती : कुठल्या गावात किती विहिरी, दोन दिवसांत कळवा. भाऊसाहेबांना आठवलं, शाळेच्या पोरांनी विहिरी मोजल्यात. ते म्हणाले, "ती वही तेवढी द्या, बाकी मी बघतो." दिली. त्यांनी कार्बन घालून वही उतरवली, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. चूक शोधायला सवड हवी ना, ती त्या माणसाला नव्हती.

आठ दिवसांनी मंजुरी आली. जिथं विहिरी सगळ्यात कमी त्या गावाला टँकर सगळ्यात आधी. पहिल्या नंबरावर कोण? मौजे मिलनाथोर्ट! विहिरी एकही नाही. रोज एक टँकर, तातडीने.

*

मी कचेरीत धावलो. "भाऊसाहेब, हे गाव काढा! हे स्कॉटलंडात आहे! तिथं दिवसाआड पाऊस पडतो!"

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. यादी माझ्यापुढं सरकवली.

"सर, यादीत गाव घालायला तीन सह्या लागतात. काढायला पाच. यादी परत वर गेली की ती येईपर्यंत सगळ्यांचे टँकर बंद. कुणाकुणाच्या दारात जाऊन सांगणार तुम्ही?"

मी शाळेत परतलो. ढवळे सरांनी सगळं ऐकलं आणि एकच वाक्य बोलले, "शेख, अक्षर तुमचं आहे हं!" उत्साह कुठं गेला कोण जाणे.

तेवढ्यात बाहेर टँकरचा हॉर्न. ड्रायव्हर थेट स्टाफरूमच्या दारात, हातात कागद. "मास्तर, भूगोलाचं कोन हाय? ह्ये मिलनाथोर्ट कुठनं वळायचं? अर्धा तालुका पालथा घातला राव!"

ढवळे सर पृथ्वीचा गोल फिरवत बसले. मी खिडकीबाहेर बघत होतो. म्हातारदेवनं चहाची किटली खाली ठेवली आणि टोपी नीट केली.

"चला, मी दावतो. आमच्या वाटंवरच हाय."

दुसऱ्या दिवशी माझ्यापुढं कप आला तो काठोकाठ भरलेला. बशीतही सांडला होता.

*

महिनाभरानं नगरहून एक साहेब जीप घेऊन तपासणीला आले. मला आणि ढवळे सरांना सोबत घेतलं. वाटेत आम्ही दोघं एकमेकांकडं बघतसुद्धा नव्हतो. माझ्या डोळ्यांपुढं बेलापूर दिसत होतं. नोकरी गेली म्हणून पेटी घेऊन घरी आलेला मी, आणि दारात उभी असलेली अम्मी.

वस्तीवर टँकर उभा होता, बाया ओळीत हंडे भरत होत्या. म्हातारदेवची धाकटी हौदाच्या काठावर पाय सोडून बसली होती. साहेबांनी एका पोराला विचारलं, "गावाचं नाव काय रे?"

"मिलनाथोर्ट!" पोरगं खणखणीत बोललं. आठवीचंच होतं, मीच शिकवलेलं. एकेक करून चौघांना विचारलं. चौघांचं उत्तर तेच. साहेब खूश. मग त्यांनी कागद वर धरला आणि कपाळाला आठी घातली.

"जनावरांच्या रकान्यात लिहिलंय, मेंढ्या मोजता येत नाहीत इतक्या. मला तर इथं एकही मेंढी दिसत नाही."

झालं! ढवळे सरांनी डोळे मिटले. मी मनातल्या मनात राजीनाम्याचा मजकूर जुळवायला लागलो.

म्हातारदेवची आई पुढं आली. हातात ते हिरवे लोकरीचे मोजे, डोक्यावर हंडा.

"चरायला गेल्यात, सायब," ती म्हणाली. "लई लांब गेल्यात."

साहेबांनी तिच्या मोज्यांकडं एकदा बघितलं, टिपणवहीत काहीतरी लिहिलं आणि जीपमध्ये जाऊन बसले.

*

त्र्याहत्तरला पाऊस आला. टँकर थांबले, पण नाव राहिलं. पुढं त्याच नावानं वस्तीवर हातपंप बसला, दोन वर्गांची शाळा झाली. मी ढवळे सरांना म्हणायचो, आता तरी हे कुणीतरी निस्तरलं पाहिजे. ते म्हणायचे, "अक्षर तुमचं आहे."

आणि मग ग्रेबाईंचं ते पत्र आलं. मधल्या सुट्टीत ढवळे सर मोठ्यानं वाचत होते, मी मराठी करून सांगत होतो. बाईंनी लिहिलं होतं, सरकारनं ठरवलंय की किनरॉसशायर फार लहान आहे. इतका लहान जिल्हा ठेवणं परवडत नाही. तो मोडून शेजारच्या मोठ्या मुलखात घालणार. जिल्ह्यांच्या यादीत आता आमचं नाव राहणार नाही. मुलांना फार वाईट वाटतंय, आणि खरं सांगायचं तर मलाही.

ढवळे सरांनी पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

म्हातारदेव ट्रे घेऊन उभा होता. "म्हंजी, सर, यादीतनं काढलं त्यास्नी?"

"हो रे. काढलं."

त्यानं सगळ्यांपुढं एकेक कप ठेवला. मग ट्रे बगलेत मारून तो माझ्याजवळ आला.

"बाईस्नी लगीच लिवा, सर. म्हनावं, आजिबात घाबरू नगा. तुमच्या गावाचं नाव आमच्या तालुक्याच्या यादीत हाय, पैल्या नंबरावर. हितनं काढायला पाच सह्या लागत्यात!"